साइडवेज झोपलेलं बाळ

इंग्रजीतले दिशा दाखवणारे शब्द शिकवायचे असले की मी सहावीची मुलं बाकांवरून उठवते आणि व्हरांड्यात रांगेनं उभी करते. फॉरवर्ड म्हटलं की एक पाऊल पुढे, बॅकवर्ड म्हटलं की एक मागे. इथवर सगळं सुरळीत चालतं. साइडवेज म्हटलं की अर्धी मुलं डावीकडे सरकतात, अर्धी उजवीकडे, मधली चेंगरतात आणि शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन माझ्याकडे बघत उभे राहतात. मग एखादी मुलगी विचारते, "मॅडम, याले मराठीत काय म्हन्ते?" आणि तिथं माझी पंचाईत होते. कारण खेकडा चालतो ते तिरपं, अरुंद दारातून कपाट काढायचं ते आडवं करून, रुसलेली बाई पाहते ती तिरक्या नजरेनं आणि भरल्या एसटीत आपण शिरतो ते अंग चोरून. इंग्रजीला या सगळ्यासाठी एकच शब्द पुरतो. मी फळ्यावर 'बाजूला, कडेनं, तिरपं' असं लिहून देते. 'आडवं' हा साधा सरळ शब्द मात्र बरीच वर्षं मी फळ्यावर लिहीतच नव्हते. मुद्दाम नव्हे, सवयीनं. ती सवय मला सासरी लागली.

आमचं घर सोनाळ्यात, गावाबाहेर संत्र्याची बाग. घरात मी, माझे यजमान आणि त्यांची थोरली बहीण. त्यांना सगळे आक्का म्हणतात, मीही आक्काच म्हणते. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच आक्का माहेरी परतलेल्या होत्या. त्यांचं पहिलं बाळंतपण याच घरात सुरू झालं होतं. बाळ पोटात आडवं होतं. दवाखाना गाठेपर्यंत फार उशीर झाला. बाळ गेलं, आक्का कशाबशा वाचल्या, पण पिशवी काढावी लागली. नवऱ्यानं दुसरी केली. हे मला सासूबाईंनी मी नवी नवरी असतानाच, भाकरी थापता थापता, दाराकडे लक्ष ठेवून सांगितलं होतं. वर बजावलं होतं, की तो शब्द या घरात तिच्यापुढे कोणी काढत नाही.

मला वाटलं, बाळाच्या संदर्भात काढत नसतील. तसं नव्हतं. तो शब्द मुळातच बंद होता. चुलीपुढे सरपण 'लांब' ठेवलेलं असायचं. वाटेत साप आडवा गेला तर घरी येऊन 'साप दिसला' एवढंच सांगायचं. दुपारी जेवून माणसं आडवी होत नसत, लवंडत असत. माझे यजमान अजूनही लवंडतात. बाहेरचा पाहुणा बोलता बोलता चुकून तो शब्द बोलून जायचा आणि आम्ही सगळे एकदम चहाचं, पाण्याचं विचारू लागायचो. पाहुण्याला वाटायचं, या घरात आदरातिथ्य फार.

बरं, आम्ही काही तसली माणसं नव्हेत. बौद्धांचं घर. नवस नाही, अंगारा नाही, मुहूर्त नाही. घरातला देव्हारा माझ्या आजेसासऱ्यांनी कधीच उचलून ठेवला होता. मी तर शाळेत अंधश्रद्धेवर भाषणं देणारी बाई, लिंबू-मिरची दिसली की दुकानदाराशी हुज्जत घालणारी. पण या एका शब्दाला हात लावायची माझीही छाती झाली नाही. सासूबाई गेल्या, तरी त्यांचा हुकूम चालूच राहिला. आक्कांच्या चेहऱ्याकडे पाहिलं की माझा शब्द आपोआप वळायचा.

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आली आणि घराचा ताबा आक्कांनी घेतला. तसा गल्लीतल्या प्रत्येक गरोदर बाईचा ताबा त्यांच्याकडेच असतो. कोणी काय खायचं, कोणी किती चालायचं, कोणी बसून फरशी पुसायची, हे आक्का ठरवतात. एखादी दवाखान्यातून परत आली की तिला रस्त्यातच गाठून त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "पोटात बाळ नीट हाये नं?" पूर्वी मला याचा राग यायचा. ज्याच्या त्याच्या घरात कशाला नाक खुपसायचं, असं मी यजमानांना म्हणायची. पण माझ्याच मुलीसाठी त्या पहाटे उठून दूध तापवू लागल्या तेव्हा माझा राग निवला. मुलीला त्यांनी सकाळ-संध्याकाळ अंगणात फेऱ्या घालायला लावल्या. "चाल माय, चाललं का मूल खाली सरकते," म्हणत त्या स्वतःही तिच्या मागे मागे चालायच्या.

आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीला मी मुलीला घेऊन शेगावला गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या. पडद्याकडे पाहत त्यांनी मशीन पोटावरून इकडून तिकडे नेलं, परत आणलं, आणि म्हणाल्या, "बाळ ट्रान्सव्हर्स आहे. डोकं खाली नाही, वरही नाही. साइडवेज झोपलंय." मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी तो शब्द वर्षानुवर्षं व्हरांड्यात ओरडून शिकवलेला, पण त्या क्षणी त्याचा अर्थ लागायला मला वेळ लागला. अर्थ लागला तेव्हा पहिल्यांदा आठवला तो सासूबाईंचा भाकरीच्या पिठानं माखलेला हात आणि दाराकडे लागलेले डोळे. मी स्टूल ओढून बसले.

"घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाणी थोडं जास्त आहे, त्याला फिरायला जागा आहे. वळेलही. नाही वळलं तर सिझर करू. नववा लागून थोडे दिवस झाले की आधीच दाखल करून घेऊ. तोवर रोजचं चालणं-फिरणं चालू द्या. पण त्याआधी जर पाणी गेलं, तर मात्र उभं करायचं नाही, एक पाऊलही चालवायचं नाही. डाव्या कुशीवर झोपवायचं, कमरेखाली उशी द्यायची आणि तसंच इथं आणायचं. खाली डोकं नसलं की पाण्याबरोबर नाळ उतरते. मग बाळाला वेळ मिळत नाही." मी ते सगळं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. दारापर्यंत जाऊन मी परत फिरले आणि तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मुलीनं माझा हात धरून मला बाहेर काढलं.

परतीच्या एसटीत वरवट बकाल मागे पडल्यावर मुलगी म्हणाली, "मम्मी, आत्याले नको सांगू."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? तुले ठाऊक नाही का? ती मरून जाईन ऐकून."

मला हेच हवं होतं. तिनं म्हटलं नसतं तर मीच म्हटलं असतं. शिवाय दुसरी एक भीती होती. आमच्याकडे पोट चोळून बाळ फिरवून देणाऱ्या बाया अजून आहेत. आक्कांना कळलं की गल्लीला कळणार, आणि गल्लीला कळलं की तेलाची वाटी घेऊन कोणी ना कोणी दारात हजर. डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावू द्यायचा नाही म्हणून बजावलंच होतं. तेव्हा सांगायचं नाही हे ठरलं, आणि ठरल्यावर मला जरा हायसं वाटलं. ते हायसं वाटणं स्टँडवर उतरेपर्यंत टिकलं.

आक्का दारातच उभ्या होत्या. "काय म्हने डाक्टरीन? नीट हाये नं बाळ?"

मी चपला काढत होते. खोटं बोलायची मला सवय नाही आणि खरं बोलायची सोय नव्हती. मी म्हटलं, "हो, आहे नं. साइडवेज आहे."

"म्हंजे चांगलं नं?"

"हो हो," मी म्हटलं आणि पाणी प्यायला आत गेले. मुलगी मान खाली घालून माझ्यामागे आली.

तिथून तो शब्द माझ्या हातातून निसटला. आक्कांनी तो धरून ठेवला आणि गावभर फिरवला. पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर बाया गप्पा मारत बसल्या, तर आक्का सांगत होत्या, "आमच्या पोरीचं साइडवेज हाये, डाक्टरीन म्हने काई फिकर नाई." दोन दिवसांनी मागच्या गल्लीतली एक बाई सुनेचा सोनोग्राफीचा कागद घेऊन माझ्याकडे आली. "मॅडम, पाहा बरं, इच्यात साइडवेज काऊन नाही लिहेलं? आमच्या सुनेले काही कमी-जास्त तं नाही नं?" मी तिला समजावून समजावून थकले, की नाही लिहिलेलं हेच उत्तम आहे. ती काही पटल्यासारखी दिसली नाही. दुसरी वेळ असती तर मी हसून लोटपोट झाले असते. तेव्हा मला तिच्यासमोर रडू येईल की काय असं वाटत होतं.

यजमानांना सांगणं भाग होतं. मी बागेत गेले. ते ठिबकच्या नळ्या तपासत होते, कुठं उंदरानं कुरतडलंय ते बघत. मी सांगितलं. त्यांनी हातातल्या लॅटरलच्या बारीक नळीकडे पाहिलं. "मेनलाइन सरळ जाते अन् लॅटरल तिले बाजूनं लागते, तसं?"

"हो, तसंच."

त्यांनी नळी खाली ठेवली. हात धुऊन ते शेजारच्या गाडीवाल्याकडे गेले आणि त्याला सांगून आले, की बाळंतपण होईपर्यंत गावाबाहेर जायचं असलं तर आधी मला विचारायचं. गाडीवाला लग्नाची भाडी सोडून बसला. तो आमच्या यजमानांचा जुना मित्र, म्हणून निभावलं.

त्यानंतरच्या दिवसांत मी भाकरी करपवू लागले. वर्गात मुलं जरा हसली तरी खेकसू लागले. उठल्यावर पहिला प्रश्न, "फिरलं का गं?" मुलगी पोटावर हात फिरवून इथं काहीतरी कडक लागतंय, तिथं लाथ बसतेय असं सांगायची आणि मी त्यावरून डोकं कुठं असेल याचे अंदाज बांधायची. पुढच्या तपासणीला बाळ तसंच होतं. त्याच्या पुढच्यालाही तसंच. दरवेळी आक्का दारात विचारायच्या आणि दरवेळी मी तेच इंग्रजी उत्तर द्यायची. एकदा तर त्यांनीच आधी म्हटलं, "साइडवेजच हाये नं अजून?" आणि मी मान डोलावली. त्या समाधानानं आत गेल्या.

खरा घोर दुसराच होता. पाणी गेलं आणि त्या वेळी मी घरी नसले तर? डॉक्टरीणबाईंच्या सूचना मी आक्कांना अनेक प्रकारे सांगून पाहिल्या. "पाणी गेलं तं झोपवून ठेवायचं म्हने, आक्का." त्या हसल्या. "झोपवून ठेवतीन अन् मंग शिजर करतीन. डाक्टर लोकाइचं असंच राह्यते. पाणी गेलं का चालाव लागते, तवा पोरगी मोकळी होते." मी म्हटलं, "नाही हो, हिच्या बाबतीत वेगळं आहे." "काऊन, इचं काय येगळं हाये? साइडवेज तं हाये." खरं कारण एका शब्दाचं होतं आणि तो शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हता. मुलीला मात्र मी बजावून ठेवलं, काहीही झालं तरी आत्याचं ऐकायचं नाही, झोपून राहायचं. ती म्हणाली, "हाव मम्मी." पण माझी मुलगी लहानपणापासून आत्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिनं आत्याचं कधी न ऐकलेलं मला आठवत नाही.

रजा टाकायची ठरवलीच होती. दाखल व्हायचा दिवसही ठरला होता. तो दोन दिवसांवर आला असताना मी शाळेत गेले, उरलेले पेपर देऊन टाकावेत आणि मोकळं व्हावं म्हणून. माझी शाळा शेजारच्या गावात, शेगावच्याच रस्त्याला. मधली सुट्टी नुकतीच संपली होती. फोन वाजला, मुलीचा.

"मम्मी, पाणी गेलं."

"झोपली का तू? डाव्या कुशीवर झोपली का?"

"आत्या चालवून राह्यली मले." तिचा आवाज रडवेला होता. मागून आक्कांचा आवाज येत होता, चाल माय, भेऊ नोको, थांबू नोको. "मी म्हटलं तिले, का झोपू दे. ती म्हन्ते, भेऊन झोपशीन तं अडकशीन. मम्मी, तूच सांग तिले. मले नाही बोलवत."

"फोन दे तिच्याकडे," मी म्हटलं.

आक्का फोनवर आल्या त्या उत्साहातच. "घाबरू नोको वं. पाणी साफ हाये. चालून राह्यली पोरगी, चांगली चालून राह्यली."

मी व्हरांड्यात उभी होते. वर्गातली मुलं दाराशी गोळा झाली होती. माझ्या तोंडात साइडवेज आलं, ट्रान्सव्हर्स आलं, डॉक्टर म्हणतात म्हणून आलं. ते सगळे शब्द आक्कांना थांबवायला पुरणार नव्हते हे मला माहीत होतं. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "आक्का, बाळ आडवं आहे."

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं फोन कटला. मग पायांचा आवाजही थांबला आहे हे लक्षात आलं. मी घाईघाईनं पुढे बोलत सुटले, "पहिल्यापासून आडवंच आहे. तिला चालवू नका. डाव्या कुशीवर झोपवा, कमरेखाली गोधडी द्या, गाडीवाल्याला हाक मारा..."

"मंग दारात काऊन नाई सांगतलं?" आक्कांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता. मी उत्तर देण्याआधीच त्या म्हणाल्या, "ठेव फोन." आणि त्यांनीच तो ठेवला.

मी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. त्या दहा-पंधरा मिनिटांत माझ्या मनात जे जे येऊन गेलं ते लिहायची इच्छा नाही. आक्का चक्कर येऊन पडल्या असतील, अंगणात मुलगी एकटी उभी असेल, यजमानांचा बागेत फोन लागत नसेल. एका मुलानं वर्गातून माझी पर्स आणून दिली आणि मी त्याच्यावरच ओरडले. मग गाडी आली.

यजमान पुढे होते. मागच्या सीटवर मुलगी डाव्या कुशीवर होती, कमरेखाली गोधडीची जाड घडी. आणि सीटच्या खाली, पाय ठेवायच्या अरुंद जागेत आक्का बसल्या होत्या, गुडघे छातीशी घेऊन. त्यांचा एक हात मुलीच्या खांद्यावर दाबून ठेवलेला होता, ती उठू नये म्हणून. लुगड्याचा काठ ओला झाला होता. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी मागच्या दारानं चढून छोट्या बाकावर बसले. गाडी निघाली. प्रत्येक गतिरोधकाला मुलगी कण्हायची आणि मी मनात म्हणायची, नाळ नको, नाळ नको. पूर्णेच्या पुलाच्या अलीकडे गाडी एकदम थांबली.

"मेंढरं आडवी आली," गाडीवाला म्हणाला.

यजमानांनी चटकन मागे वळून बहिणीकडे पाहिलं. मीही पाहिलं. इतक्या वर्षांची सवय.

"आडवी आली तं काय झालं?" आक्का खालून म्हणाल्या. "हॉर्न वाजव."

दवाखान्यात आधीच फोन झाला होता. स्ट्रेचर दारात होतं. मुलीला आत नेलं आणि दार बंद झालं. यजमान सही करायला गेले, जावयाला फोन करायला गेले, पाणी आणायला गेले. त्यांना बसवत नव्हतं. आक्का आणि मी बाकावर बसलो. आमच्यामध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती. मी त्या जागेत सरकायचा विचार करत होते आणि माझं धाडस होत नव्हतं. आक्का समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या.

शेवटी एक नर्स बाहेर आली. मुलगी झाली, दोघीही बऱ्या आहेत, असं म्हणाली. पाठोपाठ डॉक्टरीणबाई दारात आल्या, त्यांनी मास्क खाली केला आणि विचारलं, "हिला झोपवून कोणी आणलं?" मी आक्कांकडे बोट दाखवलं. "नाळ उतरायच्या बेतात होती," त्या म्हणाल्या. "आणखी थोडं चालवलं असतं तर अवघड होतं. नीट आणलं तुम्ही." एवढं बोलून त्या परत आत गेल्या. मला रडू फुटलं. मी पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ रडत होते. आक्का रडल्या नाहीत.

रडणं आवरल्यावर मी सरकले आणि त्यांच्याजवळ बसले. "आक्का," मी म्हटलं, "तुमाले तरास होईन म्हणून नाही सांगतलं. तो शब्द आपल्या घरात कोणी काढत नाही, तुमच्यापुढे..."

"म्या म्हटलं होतं का कवा, का काढू नोका?"

खरंच, त्यांनी ते कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मला सासूबाईंनी सांगितलं होतं. सासूबाईंनी सगळ्यांनाच सांगितलं होतं.

"तुमी सारे मले पाहून तोंडं बंद करत," आक्का म्हणाल्या. "मले काय दिसत नोतं? पन कोनाले काय म्हनू." त्यांनी हात मांडीवर पुसले. मग माझ्याकडे न पाहताच, समोरच्या बंद दाराकडे पाहत, त्या अगदी साध्या आवाजात बोलू लागल्या. "माह्या येळीबी असंच झालं. सुईनीनं पोटाले हात लावून मायले सांगतलं होतं, का आडवं हाये. मायले ठाऊक होतं, चुलतीले ठाऊक होतं, गल्लीतल्या साऱ्या बायाइले ठाऊक होतं. मी भेईन म्हून मलेच कोनी नाई सांगतलं. पानी गेलं तं म्हने चाल, चाललं का वळते. मले वाटलं, आपलं सारं नीट हाये, आता थोड्या वेळाचं काम हाये. म्हून मी चालली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जोरात चालली."

आत कुठंतरी बाळ रडलं. त्या ऐकत राहिल्या.

"कोनी सांगतलं असतं तं मी चालली नसती वं," आक्का म्हणाल्या.